सिस्टर आणि धपाधप

सिस्टर रागावल्या की समोरच्याला ‘आपण’ म्हणायच्या. एरवी त्या सगळ्या माधवनगरला अरे-तुरे करत. दवाखान्याच्या पायरीवर पिंक टाकणाऱ्या म्हाताऱ्यालाही ‘बाबा, ऊठ, पुस ते आधी’ असं खडसावत आणि तो हसत हसत पुसूनही घेई. पण त्यांचा आवाज खाली आला आणि तोंडातून ‘आपण’ निघालं, की माणसं सावध होत. एकदा एका माणसानं पोराच्या भाजलेल्या मांडीवर शाईची अख्खी दौत ओतून त्याला दवाखान्यात आणलं. ‘आपण शाई लावलीत का?’ सिस्टरांनी अगदी हळू विचारलं. ‘व्हय,’ तो म्हणाला. ‘फार छान केलंत. आता आपण बाहेर जाऊन बसा. मी बोलावल्याशिवाय आपलं तोंड मला दिसता कामा नये.’ आणि मांडी धुताना पोराला मात्र ‘माझा वाघ, माझा राजा, झालंच हां’ असं गोंजारणं चालू.

त्यांची आठवण काढायची म्हटलं की माणसाचे डोळे भरून यायला हवेत. माझं तसं होत नाही. मला आधी राग येतो. त्यांच्याशी जे वाईट वागले त्यांचा येतो आणि त्यानंतर, थोड्या वेळानं, स्वतःचा येतो. तीस वर्षं होत आली, पण हा राग काही निवत नाही. तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

सिस्टर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायच्या. मूळच्या शिराळ्याकडच्या एका खेड्यातल्या, घरचे बौद्ध. ‘आज्यानं धर्म बदलला, बापानं गाव बदललं, मी काम बदललं. आता पुढच्यानं काय बदलायचं ते त्यानं बघावं,’ असं त्या म्हणत. हा ‘पुढचा’ कोण, ते कुणी विचारत नसे, कारण त्यांनी लग्न केलं नव्हतं. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या. दवाखान्यात बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. घरी चप्पल काढली की भाषाही काढून ठेवायच्या. ‘लय दमले गं आज,’ म्हणत आमच्या उंबऱ्याशी टेकायच्या आणि आई त्यांच्या हातात चहा द्यायची.

चहाचीही एक गोष्ट होती. जखम धुवायला, इंजेक्शन द्यायला त्यांना अर्ध्या गावातून बोलावणं येई. त्यातल्या कितीतरी घरांत त्यांच्यासाठी कोनाड्यातला वेगळा कप निघायचा. त्या काही न बोलता ‘मी चहा घेत नाही’ म्हणून उठायच्या. आमच्याकडे तर दिवसातून दोनदा घ्यायच्या. मी एकदा भाबडेपणानं विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही तर चहा घेत नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘घेते की. पर समद्यांचा पचत न्हाई.’

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : ‘बघितल्याशिवाय सही न्हाई.’ गावाबाहेरच्या एका वस्तीवर सगळ्या पोरांना डोस दिल्याची नोंद वरून तयार होऊन आली होती. फक्त सही करायची होती. सिस्टर उन्हातून चालत त्या वस्तीवर गेल्या, प्रत्येक पोराचा दंड स्वतः पाहिला आणि ज्यांचे राहिले होते त्यांना डोस देऊन मग सही केली. वरचे साहेब चिडले. सिस्टर घरी येऊन पाय चोळत म्हणाल्या, ‘माजं नाव लिवायला मला दोन अक्षरं लागत्यात. पर ती माजी हायेत.’

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी नववीत होते. त्या वर्षी बापूनं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाळा घेऊन व्हिडिओ गेमची दोन मशीनं मांडली. बापू सैन्यातून पायाला इजा होऊन लवकर परत आला होता. गावात गिरण्यांची धडधड कमी होत चालली होती, नोकरी मिळेना, म्हणून त्यानं पुण्याहून ही जुनी मशीनं आणली. एकावर मोटारी पळायच्या, ते कुणी खेळत नसे. दुसऱ्यावर मारामारी होती आणि त्याच्याभोवती पोरांचं मोहोळ.

ती मारामारी म्हणजे एक अजब प्रकार होता. त्यात पळी घेतलेला एक आचारी होता, पोटानं ढुशी देणारा जाडा पैलवान होता, लांब जिभेनं ओढून आपटणारा बेडूक होता, छत्रीवाली एक म्हातारी होती आणि तोकड्या कपड्यांतली एक तरुण पोरगी होती. ठोसा बसला की पत्र्याचा डबा पडल्यासारखा आवाज व्हायचा. हरणाऱ्याच्या डोक्याभोवती चिमण्या फिरायच्या, मग तो भोकाड पसरायचा आणि त्याच्या आसवांचं डबकं साचायचं. पुढच्या डावाला गडी टुणकन उभा. खेळाचं खरं नाव कुठल्यातरी परक्या लिपीत होतं. पोरांनी त्याला ‘धपाधप’ म्हणून टाकलं.

मुली तिथं जात नसत. मी जायची. दुपारी बापू जेवायला गेला की त्याची बायको गाळ्यात बसायची आणि मागच्या दारानं मला आत घ्यायची. छत्रीवाली म्हातारी घेऊन मी त्या बेडकाला असं बडवायची की बापूची बायको तोंडाला पदर लावून हसायची. घरी कुणाला पत्ता नव्हता, असा माझा समज होता.

आता दिलीपबद्दल सांगायला हवं. तो माझ्या वर्गात होता. गिरणीतून घरी बसलेल्या तात्यांचा थोरला मुलगा. अबोल, किडकिडीत, चित्रं सुरेख काढायचा. गणिताचा मात्र त्याला काही केल्या सूर सापडत नव्हता आणि आमचे गणिताचे सर म्हणजे शाळेचा खांब. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं दहावीला चमकतात, असं पालक कौतुकानं सांगत. ‘हाताखालून’ हा शब्द ते किती खरा वापरत होते, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

एका सोमवारी दिलीपला फळ्यावर उदाहरण सोडवता आलं नाही. सरांनी खडू टेबलावर ठेवला, हात पुसला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. आवाज फार मोठा झाला नाही. दिलीप रडलाही नाही. डावा कान धरून जमिनीकडे बघत उभा राहिला. ‘बस खाली, नाटकं नकोत,’ सर म्हणाले. पुढच्या तासाला त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार आली तेव्हा शिपाई त्याला दवाखान्यात घेऊन गेला. वर्गातल्या आम्हा सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मी तर दुसऱ्या बाकावर होते.

त्या संध्याकाळी सिस्टर आमच्या उंबऱ्याशी टेकल्या, पण त्यांनी चहाला हात लावला नाही. ‘शैले, तुझ्याच वर्गातला ना गं तो? इचारलं तर म्हनतो पडलो. काय झालं हुतं?’

‘मला नाही माहीत,’ मी म्हणाले. ‘मी वहीत बघत होते.’

पुढच्या वर्षी माझी दहावी होती आणि दहावीला तेच सर होते. यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं. सिस्टरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बरं.’

आठवड्याभरात गावात वेगळीच बातमी फिरली. मधल्या सुट्टीत पोरांनी धपाधपची नक्कल केली, मारामारी झाली आणि त्यात दिलीपच्या कानाला लागलं, असं सर मुख्याध्यापकांना म्हणाले, मुख्याध्यापक पालकांना म्हणाले आणि पालकांना ते पटलं. पटायला सोपंच होतं. बापूचा गाळा, ते वेडेवाकडे आवाज, पोरांची गर्दी. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना सरांच्या हाताकडे कोण बघणार? हा खेळ वाढत्या वयाच्या मुलांना योग्य आहे की नाही, हे ठरवायला शाळेनं पाच जणांची समिती नेमली. त्यात एक वैद्यकीय माणूस हवा होता. डॉक्टर रजेवर, म्हणून सिस्टर.

मुख्याध्यापक टाइप केलेला कागद घेऊन दवाखान्यात आले. मी आईचं औषध न्यायला गेले होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. ‘सदर खेळ किशोरवयीन मुलांच्या मनावर विकृत परिणाम करणारा असून’ असा त्याचा सूर होता. चौघांच्या सह्या झालेल्या.

‘खेळ कुठाय?’ सिस्टरांनी विचारलं.

‘कुठला?’

‘ज्याच्यावर मी सही करायची तो.’

‘अहो सिस्टर, त्यात बघायचं काय? सगळ्या गावाला माहितीय.’

‘मग गावाची सही घ्या. माझी पाहिजे असेल तर आठ दिवस थांबा.’

मुख्याध्यापक गेल्यावर त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या बेचक्यातला फोड उजेडात धरला. ‘हा भाकरी थापून येत न्हाई आनि धुनं धुवून बी येत न्हाई. लिवून तर न्हाईच न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘कुटला गडी घेतीस? बेडूक का पैलवान?’

‘म्हातारी,’ मी पुटपुटले.

‘चांगलं. उद्या दुपारी मला शिकीव.’

तीन दुपारी सिस्टर पांढऱ्या साडीत, पायातली चप्पल काढून, त्या मशीनपुढे उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी बेडकानं त्यांना सलग सात वेळा आपटलं. ‘अगं ह्येची जीभ किती लांब! काप की ती कुनीतरी!’ असं ओरडून त्या मशीनचा दांडा गदागदा हलवायच्या आणि बापू काकुळतीला येऊन म्हणायचा, ‘सिस्टर, हळू वो, मोडंल त्यो.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी आचाऱ्याला हरवलं तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शाळा सुटून आलेली पोरं दारातच थबकली. सिस्टर खेळतायत की भांडतायत, त्यांना कळेना. सिस्टर म्हणाल्या, ‘या की रं. मी मारती म्हनून भ्यालासा व्हय?’

पण त्या नुसत्या खेळायला आल्या नव्हत्या. स्वतः हरल्या की स्टुलावर बसून पोरांकडे बघत राहायच्या आणि एका वहीत लिहायच्या. आजाऱ्याचा ताप लिहावा तसं. कोण हरल्यावर हसतं, कोण मशीनला लाथ घालतं, कोण घरी जायचं विसरतं. एका मोठ्या पोरानं हरल्यावर शेजारच्याला टपली मारली, तेही लिहिलं. तिसरी-चौथीतली दोन चिल्लीपिल्ली रस्त्यावर जाऊन एकमेकांना पोटानं ढुशी द्यायला लागली, तेव्हा त्यांना बखोटीला धरून घरी पोचवून आल्या आणि मग परत वही उघडली.

तिसऱ्या दिवशी त्या बापूवर भडकल्या. त्यांचं लक्ष त्या तोकड्या कपड्यांतल्या पोरीवर होतं. आचारी मार खायचा तेव्हा पत्र्याचा डबा वाजायचा; ही मार खायची तेव्हा वेगळ्याच सुरात कण्हायची आणि पोरं फिदीफिदी हसायची.

‘बापू, हिला मारल्यावरच ह्यांना एवढं हसू का येतंय?’

‘खेळ हाय सिस्टर. माझ्या हातात काय हाय? ते मशीनमधीच तसं हाय.’

‘आपल्याला दोन मुली आहेत ना, बापू?’ सिस्टरांचा आवाज खाली आला. ‘आपण त्यांना इथं उभं करून हा आवाज ऐकवाल का?’

बापू लाल झाला. कपाळावर आठ्या घालून उभा राहिला. मग म्हणाला, ‘ज्यो कोन तिला घेईल त्याला मी मशीनवरनं उठवीन. माझा शबूद.’ आणि त्या दिवसापासून त्यानं तो पाळला. मी स्वतः पाहिलं.

सिस्टरांनी दोन पानी मत लिहिलं. लिहिताना मला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण शुद्धलेखनाची त्यांना धास्ती होती. त्यांनी खेळाला चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही. दहा वर्षांखालच्यांना गाळ्यात घेऊ नये, ती पडद्यावरचं अंगावर घेतात, असं लिहिलं होतं. तेराच्या पुढच्यांना यातली मारामारी खोटी आहे हे पक्कं कळतं. त्यांनी अर्धा तास खेळायला हरकत नाही, शाळेच्या वेळेत मात्र मुळीच नाही. त्या पोरीचा भाग घाणेरडा आहे आणि तो कुठल्याच वयाला योग्य नाही. मुली खेळायला आल्या तर त्यांना पुढच्या दारानं घ्यावं. आणि शेवटी लिहिलं होतं : ‘या खेळात मार खाल्लेला उठून उभा राहतो. माझ्याकडे दवाखान्यात येतो तो तसा उठत नाही. दिलीपला झालेली इजा या खेळातली नाही.’

एका रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. समिती, पंचवीस-तीस पालक, शिक्षक. दिलीपचे वडील तात्या कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते, शेजारी कानाला कापूस लावलेला दिलीप. खेळाबद्दल कुणी काही विचारलं तर सांगायला म्हणून सिस्टरांनी मला नेलं होतं.

मुख्याध्यापकांनी टाइप केलेला कागद वाचला. लोकांनी माना डोलावल्या. मग सिस्टर उठल्या.

‘आपल्यापैकी कुणी हा खेळ पाहिलाय?’

एकही हात वर झाला नाही.

‘चार जणांनी सह्या केल्या. आपण चौघांनी पाहिला का?’

‘विष प्यायलाच लागतं का विष आहे म्हणायला?’ समितीतले एक जण म्हणाले आणि लोक हसले.

‘नाही. पण बाटलीवरची चिठ्ठी तरी वाचावी लागते,’ सिस्टर म्हणाल्या आणि आपलं मत वाचायला लागल्या. आवाज इतका खाली की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. शेवटच्या वाक्यावर आल्या तेव्हा खोलीत चुळबुळ सुरू झाली.

‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’ मुख्याध्यापकांनी विचारलं.

‘त्या दिवशी पोराच्या गालावर चार बोटं उठलेली होती. मी माझा पंजा त्यावर ठेवून बघितला. माझ्याहून मोठा होता. नववीच्या पोराचा हात एवढा नसतो.’ मग त्या गणिताच्या सरांकडे वळल्या. ‘सर, आपण आपला हात जरा पुढं करता का?’

सरांनी हात मांडीखाली घेतला. मी ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. हसावं की काय करावं असं ते चित्र होतं. एवढा मोठा माणूस आणि शाळकरी पोरासारखा हात लपवून बसलेला. पण कुणी हसलं नाही. मागून एक आवाज आला, ‘आता ह्यांनी शिकवायचं व्हय आमच्या मास्तरांना? जागा दिली म्हणून डोक्यावर बसायचं?’ ‘ह्यांनी’ म्हणजे कुणी, ते न सांगताही सगळ्यांना समजलं. मुख्याध्यापकांनी त्या माणसाला गप्प केलं नाही.

सिस्टर तात्यांकडे वळल्या. ‘तात्या, तुम्ही सांगा. पोरगा घरी काय म्हणाला?’

तात्यांनी टोपी दोन्ही हातांनी दाबली. ‘पडला असंल वो सिस्टर. पोराची जात. आमचं काय म्हननं न्हाई.’

मग सिस्टरांनी खोलीभर पाहिलं. ‘वर्गात चाळीस पोरं होती. एकानं तरी पाहिलं असेल.’ त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बोट केलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते त्या मुद्दाम करत होत्या हे मला कळत होतं. फक्त थांबल्या. मी उठून उभी राहू शकत होते. दोन शब्द पुरले असते : मी पाहिलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. समोर दिलीप माझ्याकडे बघत होता.

चार सह्यांचा कागद मंजूर झाला. सिस्टरांची दोन पानं त्याला जोडलीच नाहीत. बापूच्या गाळ्याला कुलूप लागलं आणि महिन्याभरात तो मशीनं कवडीमोलानं देऊन टाकून साखर कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागला. गावात समाधान पसरलं. मुलं वाचली म्हणे! सरांचा हात मात्र तसाच मोकळा होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आठवीच्या एका पोराला भिंतीवर आपटलं आणि त्या वेळी तर नाव घ्यायला धपाधपही नव्हतं. कुणी विचारलंच नाही.

सिस्टर गप्प बसल्या नाहीत. पुढचे दोन महिने दर गुरुवारी सुट्टी टाकून त्या दिलीपला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेत. तात्यांनी नको म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुमी सभेत काय बोलला ते मी इसरले. पोराचा कान इसरनार न्हाई.’ तासन् तास रांगेत बसायच्या, पोराला घरून आणलेली पोळी-भाजी खायला घालायच्या आणि एसटीनं परतायच्या. कानाचा फाटलेला पडदा पूर्ण भरून आला नाही. त्या कानानं दिलीपला पुढं कधीच नीट ऐकू आलं नाही.

मग बदलीचा कागद आला : कोयनानगर. कुणी कुठं शब्द टाकला मला ठाऊक नाही, पण तीन वर्षं व्हायच्या आत, वर्षाच्या मधेच बदली होत नसते हे आई बाबांना सांगत होती ते मी ऐकलं. निघण्याच्या दिवशी बापूनं लंगडत त्यांची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. आई रडत होती. सिस्टर तिला म्हणाल्या, ‘अगं, रडतीस काय? दुखनी हितं हायेत, तशी तितं बी असतील.’ माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत चढल्या. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

मेच्या सुट्टीत मी मामाकडे गेले. मामा कोयनानगरला वीज प्रकल्पात नोकरीला होता. दुसऱ्याच दिवशी दवाखाना शोधत गेले. सिस्टर कुणाच्या तरी पायातला काटा काढत होत्या. मला पाहून चेहरा फुलला. ‘आलीस व्हय? बस. हितं रोज जमीन हालती बघ. मानसं काय हालत न्हाईत.’

त्यांचं काम संपेपर्यंत मी बाकावर बसून राहिले. मग एका दमात सांगून टाकलं. मी पाहिलं होतं, दुसऱ्या बाकावरून. सरांनी खडू खाली ठेवला, हात पुसला, सगळं. सांगताना मला रडू फुटलं. मला वाटलं होतं त्या जवळ घेतील.

त्यांनी कापसाचा बोळा बादलीत फेकला. ‘मला काय सांगतीस? मला ठावं न्हवतं व्हय? त्या दिवशी तू वहीत बघत हुतीस म्हनालीस तवाच कळलं. मला सांगून तुजं मन हलकं हुईल. त्याचा कान हुईल का?’

‘मग काय करू?’

‘ज्याला मारलं त्याच्या घरी जा.’

सुट्टी संपायच्या आधीच मी परत आले आणि दिलीपच्या घरी गेले. तात्या दारात बसले होते. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ठावं हुतं पोरी. पोरानं रातीच सांगितलं हुतं. पर धाकटा त्याच शाळंत हाय. आनि कामासाठी मी ज्याच्या दारात उभा राहायचो त्यो समितीत बसलेला.’ त्यांना माझा राग आला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

दिलीप आतून आला. उजवा कान पुढं करून ऐकत होता. मला म्हणाला, ‘बाबांचं मला कळत होतं. पण तू का नाही बोललीस? सिस्टरांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी उठणार.’

मी त्याच्याकडे कोरा कागद मागितला. आम्ही तिघांनी मिळून अर्ज लिहिला. मी काय पाहिलं ते माझ्या नावानं, माझ्या सहीनं. तात्यांनी खाली अंगठा नाही, सही केली. प्रत्येक अक्षर दाबून. शाळेला एक दिला आणि जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला एक पाठवला. बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. शाळेत चौकशी म्हणून एक साहेब आले, चहा पिऊन गेले. सरांना काहीही झालं नाही. दहावीचं वर्षभर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, माझी वही तपासली नाही. पण वर्गात हात उचलायच्या आधी ते एकदा दुसऱ्या बाकाकडे बघायचे आणि बहुतेक वेळा हात खाली यायचा. एवढंच पदरात पडलं. एवढ्यासाठी एका पोराचा कान गेला आणि एका बाईला गाव सोडावं लागलं. मला अजून कुणी सांगतं की आमच्या काळात मास्तर मारायचे म्हणून आम्ही घडलो, तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. मी त्यांना ऐकवते. भांडण झालं तर होऊ देते.

अर्ज दिल्याचं मी सिस्टरांना पत्रानं कळवलं. पत्रात मी जरा फुशारक्याच मारल्या होत्या, हे आता कळतं. आठ दिवसांत त्यांचं पोस्टकार्ड आलं. वेलांट्या नेहमीसारख्या चुकलेल्या. पावसाळा सुरू होतोय, पाणी उकळून प्या, आईची गुडघेदुखी कशी आहे, दिलीपला सर्दी होऊ देऊ नका, कान जपा, असं सगळं लिहून झाल्यावर खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं :

‘बोललीस ते चांगलं केलंस. उशिरा बोललीस, तेही विसरू नकोस.’